संत्र्याची फोड आणि शंभर किलो धान्य

नागपुरात बिअरला चव विचारायची पद्धत नव्हती. "चिल्ड आहे ना भाऊ?" एवढा एकच प्रश्न असायचा, आणि मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की तो रास्तच होता. सदर घ्या, सीताबर्डी घ्या, परमिट रूमच्या काचा काळ्या, दाराला जाड पडदा, आत भरदुपारी संध्याकाळ. पाटीवर ‘फॅमिली रूम’ असं ठळक लिहिलेलं असायचं. त्या खोलीत बसलेली फॅमिली मात्र मी कधी पाहिली नाही. आम्ही मुली त्या पडद्यासमोरून जाताना चालण्याचा वेग वाढवायचो. कुणी तसं शिकवलं नव्हतं, तरी.

आत प्यायली जायची ती बहुतेक ‘स्ट्राँग’. साडेसहाशे मिलिलिटरची बाटली, आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल. देशात खपणाऱ्या बिअरमध्ये आजही मोठा वाटा स्ट्राँगचाच आहे, आणि त्यामागचा हिशोब वसुलीचा: एवढ्या रुपयांत किती चढते. चवीचा प्रश्न थंडपणाच मिटवून टाकतो, कारण अतिथंड पेयाची बरीवाईट चव जिभेला नीट कळतच नाही. आपल्या राज्यात कागदोपत्री अजूनही प्यायला परवाना लागतो, बिअरसाठी वय एकवीस आणि व्हिस्की-रमसारख्या दारूसाठी पंचवीस लागतं. हा परवाना कुणाच्या खिशात पाहिलाय का, ते मला विचारू नका.

आता वर्धा रोडला आणि धरमपेठेकडे काचा पारदर्शक झाल्यात. काचेमागे स्टीलच्या उंच टाक्या उभ्या, पलीकडच्या टेबलावर आजी-आजोबांसह आलेलं कुटुंब, आजीसमोर लिंबूसरबत आणि सुनेसमोर गव्हाची बिअर. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी आजीच्या चेहऱ्याकडेच बघत बसले. त्यांचं सगळं लक्ष पनीर टिक्क्यात होतं.

जागेवरच बिअर बनवून विकणाऱ्या छोट्या ब्रुअरींची, म्हणजे मायक्रोब्रुअरींची, ही लाट आपल्याकडे उशिरा आली. गुरगावात २००८ च्या सुमारास सुरुवात झाली, महाराष्ट्रात २००९ साली पुण्यात डूलालीनं पहिली मायक्रोब्रुअरी काढली, पुढं बंगळुरूनं तर त्याचं वेडच घेतलं. नागपूरची मुलं शिकायला-नोकरीला पुणे-बंगळुरू याच दोन शहरांत जातात. तिथून ती पगार, पाठदुखी आणि ही चव घेऊन सुटीत घरी येऊ लागली. विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पात कंपन्या आल्या, काही मुलं कायमची परतली. ती काही पडद्याआड जाऊन बसणार नव्हती, आणि मुली तर नाहीच नाही. माझ्या मते बिअर बदलण्याआधी बसायची जागा बदलली, आणि तो बदल बिअरहून मोठा आहे. बाकी खपाची कारणं सांगणारे लोक ‘अनुभव’ वगैरे बोलतात. ते सोडून देऊ.

माझ्या बहिणीचा मुलगा यातल्याच एका ठिकाणी बिअर बनवतो. पुण्यात शिकला, मग इकडे आला. बहिणीनं बराच काळ नातेवाइकांना "फूड प्रोसेसिंगमध्ये आहे" असं सांगून वेळ मारून नेली. त्यात खोटंही काही नाही. मी स्वतः लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूटमधून फूड टेक्नॉलॉजी शिकलेली, त्यामुळे घरात त्याच्याशी यावर दोन शब्द बोलू शकणारी मी एकटीच. "मावशी, तू ये एकदा, बॅच लावायच्या दिवशी ये," असं तो म्हणाला आणि मी गेले. भर मे महिन्यात गेले, हे बरं झालं.

कारण नागपूरची बिअर कळायची तर मे महिन्यातच कळते. सकाळी भरडलेलं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, पासष्ट-सहासष्ट अंश पाण्यात तासभर मुरतं, धान्यातल्या पिठाची साखर होते. मग गोड पाणी गाळून घ्यायचं, हॉप्स, म्हणजे कडवटपणा आणि वास देणारी वेलीची फुलं, घालून तासभर उकळायचं. इथवर कुठल्याही शहरात सारखंच. खरी परीक्षा पुढं. उकळतं पाणी झटपट वीस अंशांवर आणायचं, कारण त्याहून फार गरम पाण्यात यीस्ट टाकलं तर ते बेफाम काम करतं आणि नको ते वास सोडतं. म्युनिकमधला माणूस नळाचं गार पाणी फिरवून हे काम बरंचसं उरकतो. आमच्या गच्चीवरच्या टाकीतलं पाणी मेमध्ये दुपारी अंगावर घेववत नाही! म्हणून इथं टाक्या गार ठेवणारा ग्लायकॉलचा चिलर दिवसरात्र घरघरतो. वीज गेली की भाचा आधी टाकीच्या तापमानाकडे धावतो, फोनवर मालक असला तरी. गव्हाच्या बिअरला केळ्यासारखा आणि लवंगेसारखा जो वास येतो तो यीस्टचा. केळंही नसतं त्यात, लवंगही नसते. तापमान दोन-तीन अंश इकडचं तिकडं झालं की केळं वाढतं, लवंग मागं पडते. भाच्याचा सगळा कस या दोन-तीन अंशांत लागतो. चव ग्लासातली, लढाई उन्हाशी.

आणि पाणी? पेंच आणि कन्हानचं पाणी पिऊन वाढलेल्या मला वाटलं, निदान ते तरी आपलं. तर ते आधी आरओमधून काढतात, त्यातले क्षार जातात, आणि मग हव्या त्या बिअरला हवे तसे जिप्सम, कॅल्शियम क्लोराईड मोजून परत घालतात. पेंचचं पेंचपण काढून घ्यायचं आणि युरोपातल्या कुठल्या तरी विहिरीचं पाणी बनवायचं! शिवाय एक लिटर बिअरमागं धुण्या-गार करण्यासकट कितीतरी लिटर पाणी लागतं. मराठवाड्यात याचा हिशोब न्यायालयात झाला. २०१६ च्या दुष्काळात औरंगाबाद खंडपीठानं तिथल्या दारू कारखान्यांच्या पाण्यात मोठी कपात करायला सांगितली होती. देशातल्या बड्या कंपन्यांची बिअर वाळूजसारख्या ठिकाणी बनते, हे पुष्कळांना तेव्हाच कळलं. छोट्या ब्रुअरीचं पाणी त्यापुढं थेंबभर, पण लिटरमागचं प्रमाण छोट्यांचंच जास्त असतं.

मेन्यूकार्डावर सगळ्यात वर होती संत्र्याची बिअर. नागपुरात दुसरं काय असणार. ग्लासाच्या काठावर संत्र्याची फोड खोचलेली, खाली ‘आपल्या मातीची चव’ अशी काहीशी ओळ. ही ओळ वाचूनच माझं डोकं जरा तापलं, कारण संत्र्याशी माझं जुनं भांडण आहे.

नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. साल सैल, सोलायला सोपी, फोड रसाळ. हातात घेऊन खायला याच्या तोडीचं फळ नाही, हे मी काटोल-नरखेडच्या प्रेमापोटीच बोलत नाही. पण याचा रस काढून ठेवा. सकाळी गोड असलेला रस संध्याकाळी कडवट होतो. अख्ख्या फळात कडू नसलेला एक घटक रसातल्या आम्लामुळे हळूहळू लिमोनिन होतो, आणि तापवलं की आणखी लवकर. इथल्या रसाच्या कारखान्यांची ही जुनी डोकेदुखी. शिकत असताना आमच्या पिढीनं या कडवटपणावर वह्याच्या वह्या भरल्या.

बिअरमध्ये तर रसाचं आणखी वाईट होतं. यीस्ट रसातली साखर खाऊन टाकतं. संत्र्यातून गोडी काढून घेतली की मागं काय राहतं? आंबटपणा आणि हा कडवटपणा. म्हणजे ज्यांनी बिअरमध्ये रस ओतला त्यांच्या बिअरला संत्र्याची आठवणही येत नाही, मग वरून सरबताचं सिरप घालावं लागतं. संत्रं बिअरमध्ये उतरतं ते सालीतून. बेल्जियमचे लोक शेकडो वर्षं आपल्या गव्हाच्या बिअरमध्ये कडू संत्र्याची वाळवलेली साल आणि धने घालत आले आहेत. होय, आपले धने. सालीचा वरचा नारिंगी पापुद्रा तेवढा घ्यायचा, आतला पांढरा भाग आला की कडू. उकळी संपायला पाच मिनिटं असताना टाकायचा, कारण त्यातलं तेल वाफेबरोबर उडून जातं. आणि जास्तही टाकायचा नाही, तेल जास्त झालं की फेस बसतो.

भाच्यानं हे सगळं मुकाट्यानं ऐकलं आणि म्हणाला, "मावशी, मी सालच घालतो. फोड मालकाची आहे."

मग मी विचारलं तो प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. किती साल लागते? पाचशे लिटरच्या बॅचला वाळलेली साल फार तर किलोभर. एक किलो! काटोलजवळ माझ्या मामेभावाची बाग आहे. आंबिया बहाराची फळगळ झाली की झाडाखाली सडा पडतो, बारक्या चुरीच्या फळांना भाव नसतो, आणि बांगलादेशानं आयात शुल्क वाढवल्यापासून चांगल्या फळाचीही रडकथा आहे. मी मोठ्या उत्साहानं त्याला फोन केला. तो म्हणाला, "तुह्या बहिणीच्या पोट्ट्याले साल पाह्यजे? मंग फळ का मी फेकू? अन् किती पाह्यजे म्हणते, किलोभर? बाई, तेवढी तं माह्या घरी पोट्टे खाऊन अंगणात टाकतेत."

त्याचं बरोबर आहे. ‘स्थानिक शेतकऱ्याला हातभार’ असं जे लिहितात ते मला म्हणून पटत नाही. त्याच पाचशे लिटरच्या बॅचला धान्य शंभर किलो लागतं. हॉप्स अर्धा किलो, साल एक किलो, धान्य शंभर किलो. आता हे धान्य कुठलं? बार्ली राजस्थान-हरियाणातली, आणि जे खास रंगा-वासाचं माल्ट आहे ते जर्मनी-बेल्जियमहून पोत्यात आलेलं. हॉप्स जर्मनी नाही तर अमेरिकेचे. यीस्ट परदेशी पाकिटातलं. नागपूर राहिलं ते काठावर खोचलेल्या फोडीत. मातीची चव हवी असेल तर ती शंभर किलोत शोधायला हवी, एक किलोत नाही.

वाईट मात्र नव्हती ती बिअर. उलट छान होती, सालीचा वास आधी, मग धन्याची किंचित झणक. सावजी मटणाबरोबर प्यायची असेल तर अशी मवाळ गव्हाचीच घ्या. हॉप्सचा कडवटपणा तिखटाला चेतवतो. सावजीबरोबर आयपीए, म्हणजे भरपूर हॉप्सची कडू बिअर, मागवणाऱ्या एका पाहुण्याचा घामानं डबडबलेला चेहरा मी पाहिलाय, तो ते शौर्य म्हणून सांगत होता.

आपल्या भागाचं म्हणावं असं एक पेय अर्थातच आहे, आणि त्याला मेन्यूकार्डाची गरज कधी पडली नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली फुलं वेचायला बाया-पोरं निघतात. वाळलेल्या फुलात निम्म्याहून जास्त साखरच असते. फुलं पाण्यात आंबवून सडवा घातला आणि तो भट्टीवर गाळला की दारू. पेपरात मात्र मोहफुलाचा सडवा फक्त ‘जप्त’ आणि ‘नष्ट’ याच दोन शब्दांबरोबर येतो. इंग्रजांनी १८९२ साली मुंबई इलाख्यात मोहावर वेगळा कायदाच केला होता. अबकारीचं उत्पन्न बुडतं हे त्यांचं दुखणं. महाराष्ट्रानं फुलं गोळा करण्यावरची, वाहतुकीवरची बंधनं २०२१ मध्ये सैल केली. शेजारच्या मध्य प्रदेशानं तर मोहाच्या दारूला वारशाचा दर्जा देऊन बाटलीत भरली.

भाच्याला मोहफुलाची बिअर करायची आहे. उग्र, गोडसर, थोडा रानटी वास. दहा लिटरचा प्रयोग त्यानं करून पाहिला, मला आवडला. तरी मी लगेच ‘कर’ म्हणू शकले नाही. नागपूरच्या दक्षिणेला वर्ध्यात कित्येक वर्षं दारूबंदी आहे, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ला झाली आणि २०२१ ला उठली. गडचिरोलीची बंदी वरून लादलेली नव्हती. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्यासोबत तिथल्या गावोगावच्या बाया त्यासाठी रस्त्यावर आल्या होत्या. बंदीनं दारू संपते असं मी मानत नाही, ती महाग आणि बनावट होते, पण त्या बायांना काय हवं होतं ते मला समजतं. माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाई गडचिरोलीकडच्या. मोहफुलांची पिशवी ओट्यावर पाहून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. त्या भांडी घासता घासता म्हणाल्या, "तुमच्याकडे वास घेऊन पितेत जी. आमच्याकडे वास आला का लेकरं मागच्या दारानं पळतेत." यावर मी काय बोलणार होते. भाच्याला मी हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं. त्यानं प्रयोग थांबवला नाही. मला त्यानं तो थांबवायला हवा होता असंही नाही. पण ‘आदिवासी वारसा’ असली ओळ कार्डावर छापायची नाही, एवढं त्यानं कबूल केलं.

मी त्याला ज्वारीकडे ढकलते आहे. विदर्भात एकेकाळी खरिपात कापसाबरोबर ज्वारी मोठी होती. सोयाबीन आलं, रानडुकरं आणि पाखरं यांचा त्रास वाढला, ज्वारी मागं सरली. ज्वारीची बिअर ही माझ्या डोक्यातून निघालेली खुळचट कल्पना नाही. आफ्रिकेत ती पूर्वापार आहे. नायजेरियानं १९८८ साली बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी घातली तेव्हा तिथल्या बड्या कंपन्यांना ज्वारी-मक्यावर बिअर काढावी लागली, आणि त्यांनी ती काढली. आपल्याकडच्या मोठ्या कंपन्याही बार्लीबरोबर तांदूळ वापरतात. खर्च वाचतो म्हणून वापरतात, त्यामुळे लेबलावर मिरवत नाहीत.

अडचण तांत्रिक आहे, आणि मला ती गोड वाटते. ज्वारीचं पीठ बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतं, सत्तर अंशांच्या पुढं. म्हणून ज्वारी आधी वेगळी शिजवून मग बार्लीच्या माल्टमध्ये मिसळायची, म्हणजे माल्टमधली एन्झाइम्स तिचीही साखर करतात. भाच्यानं तीस टक्के भरडलेली ज्वारी शिजवायला घेतली तेव्हा त्या चकचकीत स्टीलच्या खोलीत घरी ज्वारीच्या कण्या शिजतात तसा वास भरला. दोन वेटर आणि अकाउंटचा मुलगा डोकावून गेले. इथवर ठीक. पण बार्लीच्या दाण्याला टरफल असतं, गाळताना त्या टरफलांचाच थर गाळणीचं काम करतो. ज्वारी नागडी. तिचा लगदा झाला, नळी तुंबली, आणि तासाभराचं गाळणं दुपार ओलांडून गेलं.

यावर उपाय म्हणजे धानाचं तूस, भाताचं टरफल. ब्रुअरीवाले हे तूस जगभर वापरतात, आपल्याकडचे काही जण चक्क आयात केलेलं वापरतात. भंडारा रोडनं मौद्याच्या पुढं गेलं की राइस मिलच्या मागं त्याचे डोंगर असतात, विटभट्टीवाले आणि बॉयलरवाले ट्रक भरून नेतात. अडचण एकच, ते स्वच्छ धुतलेलं हवं. एका मिलवाल्याला भाच्यानं फोन केला तेव्हा त्याला आधी वाटलं कुणीतरी चेष्टा करतंय. धुऊन, वाळवून दहा पोती? कशाला? बिअरला? मग त्यानं भाव सांगितला, आणि तो ट्रकभर तुसाचा भाव होता.

तेवढ्यात आणखी एका माणसाची पंचाईत झाली. बिअर गाळल्यावर उरलेला चोथा रोज एक गवळी घेऊन जातो. मेच्या उन्हात तो संध्याकाळपर्यंतच आंबतो, म्हणून टेम्पो दुपारी हजर पाहिजे. शंभर किलो धान्याचा ओला चोथा, सगळा म्हशींच्या पोटात. या साऱ्या धंद्यात कुठल्याही पाटीशिवाय इथल्या इथं जिरणारी एवढी एकच गोष्ट असावी. ज्वारीच्या दिवशी टेम्पो आला तेव्हा नळी तुंबलेली, चोथा निघायचा होता. गवळीभाऊ दीड तास सावलीत बसून राहिले. मग आत येऊन त्यांनी लगदा बोटावर घेतला, वास घेतला आणि भाच्याला विचारलं, "हे रोज करून राहिले का आता? मंग मी चार वाजता येत जाईन."

भाच्यानं सध्या ज्वारी वीस टक्क्यांवर आणली आहे. तुसाचा भाव अजून ठरायचा आहे, आणि मालकाचा आग्रह आहे की या बिअरच्या ग्लासालाही संत्र्याची फोड खोचावी.